मुंबईंतील शाहिरी व बाडांची मर्यादा

शाहिरी कवनांचा शोध आपण बहुधा जुन्या बाडांतून करितों. परंतु मुंबईच्या गिरणगांवांत ही परंपरा कागदापेक्षां कंठांतच अधिक नांदली. रेठरें हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) व वाटेगांवचे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) हे दोघेही वाळवें तालुक्यांतले; दोघांचीही वाणी मुंबईंत गाजली. १९४४ सालीं साठे, अमर शेख व गवाणकर यांनीं लाल बावटा कलापथक स्थापिलें. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि श्रोतृवर्ग पांगला. पदें लिहिलेलीं सांपडतात. डफ, तुणतुणें व झीलकरी यांच्या साथीनें ठरणारी चाल मात्र बाडांत उतरत नाहीं. सबब जाणते गायक हयात आहेत तोंवर, प्रत्यक्ष ऐकून पाठ व चाल दोन्ही टिपून ठेवणें हें संग्राहकांचें कर्तव्य होय.