सावंतवाडीचा गंजिफा

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले, बहुधा गोल आकाराचे खेळायचे पत्ते. हा खेळ इराणकडून भारतात आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या गंजिफ्याचे वर्णन अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त केले आहे. पुढे रूढ झालेल्या मोगल गंजिफ्यात आठ रंग आणि ९६ पाने असत. ताज, शमशेर, गुलाम ही त्यांतल्या काही रंगांची नावे.

देशी चित्रकारांच्या हाती आल्यावर या खेळात दरबाराच्या जागी दशावतार आले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकाची राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पाने, असा १२० पानांचा हा संच. तिघे खेळायला बसले की प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येत. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. बंगालात बिष्णुपूरला, ओडिशात आणि कोकणात सावंतवाडीला असे संच होत. सावंतवाडीत ही कला भोसले संस्थानिकांच्या आश्रयाने रुजली. तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांनी हा खेळ इथे आणला, असे सांगितले जाते. पाने रंगवणारे ते चितारी. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चितार आळीला त्यांचेच नाव आहे.

पान तयार करण्याची कृती वेळखाऊ आहे. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, त्यावर खडूचा लेप देऊन घोटायचे आणि मग गोल कापायचे. चित्र झाल्यावर लाखेचा हात फिरवायचा, म्हणजे पान टिकते आणि हातातून सहज सरकते. पाठीचा रंग मात्र सगळ्या पानांना अगदी एकसारखा लागतो, कारण एखाद्या पानाच्या पाठीवर खूण राहिली तर समोरच्याला ते ओळखू येईल.

चिताऱ्याची खरी परीक्षा राजा-प्रधानांच्या वीस पानांत नसून एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या पानांत होते. एका रंगात अवताराचे चिन्ह ५५ वेळा येते, म्हणजे संपूर्ण संचात ५५०. तेच कासव, तोच परशू पुन्हा पुन्हा काढताना मोजकेच फटकारे उरतात. जुन्या बाजारी संचांतला ठसठशीतपणा यातून आला आहे. पान डोळ्यांना लगेच ओळखू यावे आणि संच सामान्य माणसाला परवडावा, या दोन गरजांनी ही रेषा घडवली. ती ओबडधोबड मानणे हा तिच्यावर अन्याय आहे. हस्तिदंतावर किंवा कासवाच्या कवचावर रंगवलेले दरबारी गंजिफे नाजूक खरे, पण हाताचा वेग आणि आत्मविश्वास दिसतो तो बाजारी पानांतच.

युरोपातून छापील पत्ते आले आणि हा धंदा बसला. ५२ पानांचा जोड स्वस्त होता, लक्षात ठेवायलाही सोपा. दशावतारी खेळात तर निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्यांत एक्का मोठा, असा उलटा क्रम ध्यानात ठेवावा लागे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत हे काम जाणणारे फारच थोडे लोक उरले. राजे शिवरामसाहेब भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ते शिकून घेतले, नव्या मुलांना शिकवले आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागिरांना बसायला जागा दिली. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये निधन पावल्या.

या पुनरुज्जीवनाने कला वाचली, पण तिचे काम बदलले. गिऱ्हाईक आता खेळणारा नाही, संग्रह करणारा आहे. त्यामुळे कडा अधिक नक्षीदार झाल्या, चेहरे बारकाईने रंगवले जाऊ लागले आणि घाईचा जुना फटकारा मागे पडला. दरबार हॉलमध्ये गंजिफ्याबरोबर लाखकामाच्या पेट्या आणि इतर वस्तूही रंगवल्या जातात. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट यांचे ५२ पानी संचही तिथले कारागीर हातानेच रंगवतात.