भिंगाची पारख : एका तडजोडीचा इतिहास

तपकिरीच्या डबीएवढें एक भिंग हें लिहितांना समोर मेजावर आहे. सोनी या जपानी कंपनीनें तें २०१२ सालीं आपल्या आरसाविरहित, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांसाठीं विक्रीस काढलें. मिटलेल्या स्थितींत त्याची जाडी तीन सेंटिमीटरांहून किंचित् कमी भरते आणि वजन अवघें ११६ ग्रॅम आहे. एवढ्याशा देहांत आठ गटांत बसविलेल्या नऊ कांचा आहेत, आणि त्या मागेंपुढें सरकवून १६ पासून ५० मिलिमीटरांपर्यंत कोणतेंहि नाभ्यंतर साधतां येतें. दूरच्या वस्तूची रेखीव प्रतिमा ज्या अंतरावर पडते त्या अंतरास नाभ्यंतर म्हणतात. तें आंखूड असेल तर दृश्याचा पसारा मोठा दिसतो, लांब असेल तर वस्तु जवळ येते. सारांश, ज्या जागीं उभें राहून अंगणांत जमलेला सारा गोतावळा टिपावा, त्याच जागेवरून क्षणार्धांत त्यांतल्या एकट्या आजीचा चेहराहि टिपावा, अशी ही सोय आहे.

अशा भिंगाविषयीं जाणत्यांचें मत विचारावें, तर एक म्हणतो, "हें निव्वळ खेळणें", दुसरा म्हणतो, "प्रवासास याहून चांगला सोबती नाहीं." दोघेहि प्रामाणिक असतात व दोघांजवळहि पुरावा असतो. मग निवाडा कसा करावा? आमच्या मतें हा वाद आजच्या वस्तूकडे पाहून मिटणारा नाहीं. भिंगांची पारख लोक पूर्वीं कशाच्या बळावर करीत आणि ती कसोटी कालांतरानें कोठें सरकली, हें पाहिल्यावांचून त्याचा उलगडा होत नाहीं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे, ती ही कीं सर्वथा निर्दोष भिंग जगांत नाहीं. पांढऱ्या प्रकाशांतील निरनिराळे रंग कांचेंतून जातांना निरनिराळ्या प्रमाणांत वळतात, कडेनें जाणारा किरण मधल्या किरणाशीं नीट मिळत नाहीं, सरळ रेषा वांकड्या उमटतात, कोपरे काळवंडतात. यांपैकीं एक दोष घालवावा, तर दुसरा डोकें वर काढतो. अधिक कांचा घालाव्या, तर वजन व किंमत वाढते आणि कांचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर थोडा प्रकाश परावर्तित होऊन वांयां जातो. यास्तव भिंग रचणें म्हणजे कोणता दोष पत्करावयाचा याचा निर्णय करणें होय.

हा निर्णय गणितानें करण्याचा पहिला मोठा यत्न व्हिएन्ना येथें झाला. १९ ऑगस्ट १८३९ रोजीं दागेरच्या छायाचित्रणाची कृति पॅरिसमध्यें जाहीर करण्यांत आली. परंतु त्या कॅमेऱ्याच्या भिंगांतून प्रकाश इतका थोडा येई, कीं माणसानें भर उन्हांत कित्येक मिनिटें पुतळ्यासारखें बसावें तेव्हां कोठें त्याचें चित्र उमटावें. व्हिएन्ना विद्यापीठांतील गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्झवाल यांनीं १८४० सालीं या अडचणीस हात घातला. आर्चड्यूक लुडविग यांनीं तोफखान्यांतील आंकडेमोडींत तरबेज असे कांहीं सैनिक त्यांच्या मदतीस दिले. तोफेचा गोळा कोठें पडेल याचा हिशेब करणारीं हीं माणसें आतां प्रकाशाचा किरण कांचेंतून वळून कोठें पडेल याचा हिशेब करूं लागलीं. त्या आंकडेमोडींतून चार कांचांचें एक भिंग निघालें व फोइग्टलेंडर यांच्या कारखान्यानें तें घडविलें. त्यांतून पूर्वींच्या कित्येक पट प्रकाश आंत येई. मिनिटांचें काम सेकंदांवर आलें आणि माणसाचा चेहरा छायाचित्राच्या आवांक्यांत आला.

हें भिंग निर्दोष होतें काय? मुळींच नव्हे. मध्यभागीं तें अत्यंत रेखीव, पण कडांकडे जावें तसतसें पुसट होत जाई. निसर्गदृश्यें काढणारास तें कुचकामाचें; पण चेहरा चित्राच्या मध्यभागीं असतो, म्हणून व्यक्तिचित्रें काढणारांनीं तेंच डोक्यावर घेतलें. दोष तोच, पण एकास तो खुपला आणि दुसऱ्यास तो दिसलाहि नाहीं. पारख ही वस्तूची जितकी असते तितकीच कामाची असते, हा या इतिहासांतील पहिला धडा होय.

पुढील प्रगति कांचेच्या भट्टींत झाली. येना येथें एर्न्स्ट अॅबे व ओटो शॉट यांच्या सहकार्यानें १८८४ सालीं कांचेचा कारखाना उभा राहिला व पूर्वीं न मिळणाऱ्या गुणांच्या कांचा मिळूं लागल्या. त्यांच्या आधारें झाइस कंपनीच्या पाउल रूडोल्फ यांनीं १९०२ सालीं 'टेसार' नांवाचें भिंग सिद्ध केलें. त्यांतहि कांचा चारच; पण मध्यापासून कडेपर्यंत चित्र सारखें रेखीव. लहान देहांत इतके गुण एकत्र आणणारी दुसरी रचना त्या काळीं क्वचितच आढळेल.

लहानपणाची खरी ओढ मात्र वेट्झलार गांवच्या एका कारागिरास लागली. लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यांत काम करणारे ऑस्कर बार्नाक यांस दम्याचा विकार होता. कांचेच्या तबकड्यांचा जड सरंजाम पाठीवर घेऊन हिंडणें त्यांस झेपेना. त्यांनीं चलच्चित्रांची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेऊन खिशांत मावणारा कॅमेरा बनविला. तोच 'लायका' या नांवानें १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत लोकांपुढें आला. त्यासाठीं माक्स बेरेक यांनीं रचलेलें ५० मिलिमीटरांचें भिंग लवकरच 'एल्मार' या नांवानें प्रसिद्ध झालें. या एल्मारची गंमत अशी कीं काम नसतांना त्याची नळी कॅमेऱ्याच्या पोटांत ढकलून ठेवतां येई, आणि चित्र घेतेवेळीं ती बाहेर ओढून व पिळून पक्की करावी लागे. आज मेजावर असलेलें हें भिंगहि मिटतें आणि उघडतें. ती युक्ति नवी नाहीं. एल्मारमध्यें ती बोटांनीं साधली जाई, येथें विजेच्या यंत्रानें साधली जाते, एवढाच भेद.

तथापि एल्मारचें नाभ्यंतर एकच होतें. दृश्य मोठें हवें असल्यास छायाचित्रकारानें स्वतःच मागें सरावें, चेहरा जवळ हवा असल्यास चार पावलें पुढें जावें. जागा न सोडतां नाभ्यंतर बदलण्याची, म्हणजे झूमची, इच्छा प्रथम चलच्चित्रवाल्यांनीं पुरी करून घेतली. व्हिएन्नांत जन्मलेले व पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेले फ्रँक बॅक यांनीं चलच्चित्रांसाठीं 'झूमार' भिंग केलें. आणि १९५९ सालीं त्यांच्याच रचनेचें ३६ ते ८२ मिलिमीटरांचें झूम स्थिरचित्रांच्या ३५ मिलिमीटरी कॅमेऱ्यासाठीं निघालें. पेट्झवालांच्या भिंगावर जें फोइग्टलेंडर नांव होतें तेंच यावरहि होतें. पेट्झवालांनीं चार कांचांत काम भागविलें होतें. येथें चौदा लागल्या. कारण उघड आहे. एका नाभ्यंतरासाठीं दोषांचा एकदां मेळ घातला कीं झालें. झूममध्यें कांचा सरकतात, आणि प्रत्येक जागीं तो मेळ पुन्हां जमावा लागतो.

सामान्य माणसास परवडेल व पेलेल असें झूम करावयाचें तर कांहीं तरी सोडणें भाग होतें. जपानच्या निहोन कोगाकु कंपनीनें, म्हणजे पुढील काळच्या निकॉननें, १९६३ सालीं ४३ ते ८६ मिलिमीटरांचें आटोपशीर झूम काढलें. त्याचा खप मोठा झाला, पण त्यांत रेषा वांकत व समोरून प्रकाश आला कीं चित्र फिकें पडे. पारखी लोकांनीं नाकें मुरडलीं, आणि झूम म्हणजे सोय, दर्जा नव्हे, हा समज पुढें दीर्घ काळ रूढ राहिला. तरीहि हजारों गृहस्थांनीं त्याच भिंगानें आपल्या मुलाबाळांचीं चित्रें घेतलीं, हेंहि विसरून चालणार नाहीं.

लहानपणाच्या वाटेंत आणखी एक धोंड होती, ती कॅमेऱ्यांतील आरशाची. भिंगांतून दिसणारें दृश्य डोळ्यांस दाखविण्यासाठीं मधें तिरपा आरसा ठेवीत; चित्र घेण्याच्या क्षणीं तो उचलला जाई. त्याला हलावयास जागा हवी, म्हणून भिंग फिल्मपासून दूर बसवावें लागे. निकॉनच्या १९५९ पासूनच्या कॅमेऱ्यांत बैठकीपासून फिल्मपर्यंतचें हें अंतर ४६.५ मिलिमीटर होतें. आंखूड नाभ्यंतराच्या भिंगास हें अंतर फार होई. तेव्हां १९५० सालीं पिअर आंजेन्यू यांनीं काढलेल्या उलट्या दुर्बिणीसारख्या रचनेचा अवलंब करावा लागे, व त्यानें भिंगें मोठीं होत. फिल्म जाऊन तिच्या जागीं विद्युत्संवेदी पट्टिका आली आणि दृश्य छोट्या पडद्यावर दिसूं लागलें, तेव्हां आरशाचें प्रयोजनच उरलें नाहीं. २००८ सालीं पॅनासॉनिकनें आरसाविरहित जी-१ कॅमेरा काढला. त्यांत हें अंतर सुमारें वीस मिलिमीटरांवर आलें, आणि सोनीच्या २०१० च्या कॅमेऱ्यांत अठरावर. धोंड दूर होतांच भिंगें भराभर लहान झालीं. २०१३ सालीं पॅनासॉनिकनें १२ ते ३२ मिलिमीटरांचें झूम अवघ्या सत्तर ग्रॅम वजनांत करून दाखविलें.

परंतु केवळ आरसा गेल्यानें एवढें लहानपण साधलें नाहीं. आमच्या मेजावरील भिंगाचें १६ मिलिमीटरांवरील चित्र कोणतीहि सुधारणा न करतां जसेंच्या तसें उघडून पाहिलें, तर वाचक चकित होईल. भिंतीच्या कडा पिंपासारख्या बाहेर फुगलेल्या आणि कोपरे काळोखांत बुडालेले. पण कॅमेरा हें चित्र सहसा आपल्यास दाखवीतच नाहीं. प्रकाश पट्टिकेवर पडतांक्षणीं आंतला गणकयंत्राचा मेंदू ठरलेल्या सूत्रांनीं रेषा सरळ करतो, कोपरे उजळतो, रंगांच्या किनारी पुसतो, आणि मग तें चित्र आपल्यापुढें ठेवतो. पेट्झवालांचे गोलंदाज कांच घासण्यापूर्वीं हिशेब करीत. आजचा हिशेबाचा मोठा वांटा किरण कांचेंतून बाहेर पडल्यावर होतो. भिंगाच्या सगळ्या इतिहासांत याहून मोठा पालट आम्हांस दिसत नाहीं.

मग ही फसवणूक आहे काय? जुन्या पठडीचे कांहीं परीक्षक तसें मानतात. आम्हांस तें पटत नाहीं. घराची भिंत मुळांत सरळ आहे; ती सरळ दाखविणारें चित्र, मग तें कांचेनें सरळ केलेलें असो वा गणितानें, खोटें कसें म्हणावें? मात्र या औषधानें कोणता रोग बरा होतो व कोणता होत नाहीं, हें परीक्षकानें स्पष्ट सांगितलें पाहिजे. वांकलेल्या रेषा, काळे कोपरे, रंगीत किनारी हे दोष गणिताच्या कक्षेंतले. कांचेनें जो बारकावा मुळांत टिपलाच नाहीं, तो मात्र कोणतेंहि सूत्र परत आणूं शकत नाहीं. उलट, कोपरा ताणून सरळ केल्यानें तेथला बारकावा आणखी विरळ होतो, आणि उजळविल्यानें दाणेदारपणा वाढतो. या भिंगाचे कोपरे १६ मिलिमीटरांवर मऊ दिसतात, ते यामुळेंच. प्रकाशाच्या तुटवड्यावरहि गणिताचा इलाज थोडाच चालतो. एल्मारचें ५० मिलिमीटरांचें द्वार एफ/३.५ होतें, या झूमचें त्याच नाभ्यंतरावर एफ/५.६ आहे, म्हणजे त्यांतून येणारा प्रकाश अडीच पटींनीं कमी. दिवेलागणीच्या वेळीं खेळणारें मूल या भिंगानें टिपावयास जावें, तर तें बहुधा पुसट येईल.

आणखी एक गोष्ट आम्हांस अधिक बोचते. १९३० नंतरच्या कित्येक एल्मार आजहि, मधें एक साधें कडें घालून, याच आरसाविरहित कॅमेऱ्यावर चढतात व चित्र देतात. त्यांना वीज लागत नाहीं कीं सूत्र लागत नाहीं. समोरचें भिंग मात्र विजेवांचून उघडतहि नाहीं, आणि कॅमेऱ्याच्या हिशेबावांचून त्याचें चित्र अपुरें. त्याचें यंत्र थांबलें, किंवा त्याची भाषा समजणारे कॅमेरे नाहींसे झाले, म्हणजे या नऊ कांचा मुक्या होतील. लहानपणाची खरी किंमत कदाचित् कोपऱ्यांत नसून येथें मोजावी लागेल: आजोबांचें भिंग नातवाच्या हातीं जाण्याची जी वाट होती, ती अरुंद होत आहे.

असें असूनहि आमचा निवाडा या भिंगाच्या विरुद्ध नाहीं. बार्नाकनीं जड सरंजाम टाकून दिला, तो गुणांत कमी होता म्हणून नव्हे. तो घरींच राहत असे म्हणून. कपाटांत बसून राहणाऱ्या मोठ्या भिंगाच्या रेखीव कडांनीं कोणाच्या घरचा प्रसंग टिपला जात नाहीं. तेव्हां ज्यास हें घ्यावयाचें आहे त्यानें एवढें करावें: विटांच्या भिंतीचें एक चित्र दोन्ही टोंकांच्या नाभ्यंतरांवर घ्यावें व त्याचे कोपरे पहावे; उन्हाकडे तोंड करून दुसरें घ्यावें; आणि तिसरें संध्याकाळीं घरांत, दिव्याच्या उजेडांत, माणसांचें घ्यावें. त्यांतलें जें उणें दिसेल तें आपल्या कामांत आड येतें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पेट्झवालांच्या भिंगानें काढलेल्या चित्रांच्या कडा आजहि पुसटच आहेत. पण मध्यभागींचे डोळे स्वच्छ दिसतात, आणि त्या चित्रांकडे पाहणारा प्रथम तेच पाहतो.