पऱ्हाटीवरचं औषध आणि वॉटरगेट

वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारल्या जाणाऱ्या क्लोरपायरिफॉसच्या कुळात वॉटरगेटचा धागा निघतो. डाऊ केमिकलच्या ताब्यातल्या मुंबईच्या डी-नोसिल कंपनीने डर्सबान, नुरेल आणि प्राइड या तीन औषधांची नोंदणी लवकर व्हावी म्हणून केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या एका अधिकाऱ्याला सुमारे 39,700 डॉलर पोचवले, असं अमेरिकेच्या रोखे आयोगाचं म्हणणं. डर्सबान म्हणजेच क्लोरपायरिफॉस. 2007 मध्ये डाऊने 3,25,000 डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. आयोगाने आरोप मात्र लाच दिल्याचा ठेवला नव्हता. ठेवला तो हिशेबाच्या वह्या खोट्या लिहिल्याचा.

आयोगाने हे प्रकरण ज्याखाली चालवलं, तो परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्यावर बंदी घालणारा अमेरिकी कायदा 1977 चा. रूढ कथा अशी, की विमानं खपवण्यासाठी लॉकहीडने जपानचे पंतप्रधान तनाका यांच्यापर्यंत पैसे पोचवले, जगभर नाचक्की झाली आणि कायदा आला. मला हे कुळ दुय्यम वाटतं. त्याआधीच वॉटरगेटच्या चौकशीत कंपन्यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या निवडणुकीला दिलेले बेकायदा पैसे उघड झाले होते. रोखे आयोगाचे स्टॅन्ली स्पोर्किन यांना प्रश्न पडला, की ही रक्कम वहीत कोणत्या नावाने लिहिली? तो प्रश्न लावून धरल्यावर गुप्त निधी सापडले आणि त्यांतूनच परदेशी अधिकाऱ्यांनाही पैसे गेल्याचं दिसलं. चारशेहून अधिक कंपन्यांनी मिळून 30 कोटी डॉलरहून जास्त रकमेची कबुली दिली. लॉकहीडने घाई करायला लावली असेल, पण नाचक्कीतून नुसती बंदी आली असती. कायद्याचा अर्धा भाग हिशेबावर आहे, तो स्पोर्किनांच्या प्रश्नातून आला.

असा कायदा आपल्याच उद्योगांना मागे टाकतो, हा आक्षेप खोटा नाही. जर्मनीत 1999 पर्यंत परदेशात दिलेली लाच करातून वजा होत असे, आणि 1977 नंतर लाचखाऊ देशांत अमेरिकी उद्योग मागे पडल्याचं अर्थतज्ज्ञ जेम्स हाइन्स यांनी 1995 मध्ये दाखवलं. पण तो तोटा कायदा एकाच देशाचा होता म्हणून. 1997 च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर जर्मनीनेही हीच वाट धरली आणि 2008 मध्ये सीमेन्सला सुमारे 160 कोटी डॉलर मोजावे लागले. शिवाय लाचेने काम होतंच असं नाही. बीटी कापसावरची पर्यावरण-तपासणीची अट उठावी म्हणून मोन्सँटोकडून 2002 मध्ये इंडोनेशियात 50,000 डॉलर दिले गेले. अट कायम राहिली, कंपनीला 15 लाख डॉलर भरावे लागले.

आपल्याकडे भ्रष्टाचारविरोधी कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीने लाच देणारी कंपनीही गुन्हेगार ठरते. परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचं 2011 चं विधेयक मात्र संसदेत बारगळलं. ते पुन्हा आणावं, आणि त्यात हिशेबाच्या वह्यांचं कलम आधी घालावं.