रेडिओ-नियंत्रित शर्यती ट्रक : जुळणी

चारही चाकांना मोटरची ओढ मिळणाऱ्या, रिमोटवर पळणाऱ्या छोट्या ट्रकची वळणावरची, खळग्यांतली आणि उडीनंतरची वागणूक जमिनीप्रमाणे बदलून घेण्याची कला. शौकीन तिला सरळ ‘सेटअप’ म्हणतात. या नोंदीत कामोठ्याची (ता. पनवेल, जि. रायगड) जमीन डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण जमीन सांगितल्याशिवाय जुळणीचा कोणताही आकडा निरर्थक ठरतो.

गाडी : सर्वांत परिचित प्रकार एकदशांश मापाचा ‘शॉर्ट कोर्स’ ट्रक. अमेरिकेतील ट्रॅक्सस कंपनीने २००८ मध्ये ‘स्लॅश’ हा मागच्या दोन चाकांवर चालणारा ट्रक आणला आणि २०१० मध्ये त्याची फोर-बाय-फोर आवृत्ती काढली. लांबी ५६८ मिमी, पुढच्या-मागच्या आसांतील अंतर ३२४ मिमी. याहून थोराड असतो तो एक-अष्टमांश मापाचा ‘ट्रगी’. नियंत्रण २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालते. पूर्वी २७ मेगाहर्ट्झच्या काळात शेजाऱ्याच्या रिमोटने आपली गाडी भरकटू नये म्हणून दोघांना वेगवेगळे क्रिस्टल लावावे लागत, ती कटकट आता गेली.

जमीन : कामोठे हा सिडकोने वसवलेला नोड, २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत, हार्बर मार्गावरील मानसरोवर स्थानकाला लागून. खाडीलगतच्या सखल भागात मोकळ्या भूखंडांवर सहसा मुरमाचा भराव असतो. मुरूम म्हणजे झिजून भुगा होत आलेला बेसाल्ट. पाणी मारून रोलर फिरवला की तो फरशीसारखा बसतो. एप्रिल-मेमध्ये त्याच्यावर बारीक धुळीचा थर साचतो आणि टायर त्यावर गोट्यांवरून गेल्यासारखे घसरतात. जून लागला की त्याच थराचा चिखल होतो. म्हणजे एकाच भूखंडावर वर्षभरात तीन वेगळे ट्रॅक मिळतात. (भूखंड कोणाचा आहे ते आधी विचारावे, मोकळा दिसतो म्हणून तो बेवारस नसतो.)

टायर : पकड बिघडली की नवखा माणूस पहिल्यांदा शॉक (धक्के शोषणारी तेलाची नळी) उघडतो. ती चूक आहे. आधी टायर पाहावा. बसलेल्या, झाडलेल्या मुरमावर आखूड, दाट खुंट्यांचा मऊ टायर चालतो. धूळ साचली की खाली रुतणारे, सुटे खुंट लागतात. चिखलात लांब काटे, त्यांच्यात माती अडकून राहणार नाही एवढे अंतर राखलेले. टायरच्या आत हवेऐवजी फोम असतो. पावसात तो पाणी पितो, चाक जड होते आणि गाडी थरथरू लागते. म्हणून टायरला बारीक भोके पाडतात, फिरताना पाणी त्यांतून बाहेर फेकले जाते.

डिफरन्शियल : वळताना जोडलेल्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा हा दंतचक्रांचा संच, थोडक्यात ‘डिफ’. चारचाकी ओढीच्या गाडीचा स्वभाव ठरतो तो इथेच. शर्यतीच्या ट्रकमध्ये पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन डिफ असतात व तिन्हींत दाट सिलिकोन तेल भरतात. रिमोटचा ट्रिगर (वेगाची कळ) दाबला की वजन मागे झुकते आणि पुढची चाके हलकी होतात. मधल्या डिफमधले तेल पातळ असेल तर ताकद सोपी वाट धरते, म्हणजे त्या हलक्या चाकांकडे पळते, आणि ती नुसतीच भिरभिरतात. तेल दाट केले तर ओढ मागेही टिकून गाडी झेपावते. मात्र सैल मुरमावर शेपूट सांभाळणे अवघड होते. पुढच्या डिफमध्ये पातळ तेल घातले तर ट्रिगर सोडून वळणात शिरताना नाक चटकन वळते. दाट घातले तर ट्रिगर दाबून बाहेर पडताना पुढची चाके गाडी ओढून काढतात. मागे पातळ तेल ठेवले तर वळणात मागचा भाग जमिनीला धरून राहतो. पुढे ५,०००, मध्ये ७,०००, मागे ३,००० सेंटिस्टोक ही सर्रास वापरली जाणारी सुरुवात. पाणी सुमारे १ सेंटिस्टोकचे असते, त्यावरून दाटपणाची कल्पना यावी. धुळीच्या दिवसांत मधले तेल एक पायरी पातळ करून पाहणे कामोठ्यात जास्त फळते.

मूळच्या फोर-बाय-फोर स्लॅशमध्ये मधले डिफच नाही. पुढची व मागची बाजू सरळ दांड्याने जोडलेली असते आणि धक्का सोसायला स्लिपर क्लच. मधल्या डिफचा संच कंपनी वेगळा विकते. वळणाच्या तोंडाशी गाडी बाहेर रेटत असेल, तर इतर सुट्या भागांवर पैसे घालण्याआधी हाच घ्यावा.

शॉक आणि भूमिती : शॉकमधील तेलाचा ‘वेट’ आकडा कंपनीगणिक बदलतो, बाटलीवरचा सेंटिस्टोकचा आकडा वाचावा. ३० वेट म्हणजे साधारण ३५० सेंटिस्टोक. उन्हाने तेल पातळ होते, त्यामुळे थंड देशातील चालकाची जुळणी मे महिन्यात जशीच्या तशी उचलली की गाडी उडीनंतर पोट आपटते; एक पायरी दाट तेल घ्यावे. खळगे जास्त असतील तर उलट पातळ. शॉकचे वरचे टोक टॉवरवर (शॉक टांगायच्या पट्टीवर) आत सरकवून तो तिरका केला की सुरुवातीची हालचाल मऊ होते.

मागच्या चाकांचा टो-इन (चाकांची पुढची कड आत वळवणे) ३ अंशांच्या आसपास ठेवतात. कमी केला की गाडी चपळ होते आणि बिथरतेही. कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरच्या बाजूने आत झुकलेला कल, उणे १ ते २ अंश. तो बरोबर आहे का हे मापपट्टीपेक्षा टायर जास्त खरे सांगतो : आतली कड आधी झिजली तर कॅम्बर जास्त. उंचीसाठी गाडी हातभर वरून सोडावी. स्थिरावल्यावर मागचे ड्राइव्हशाफ्ट आडवे दिसले पाहिजेत. अँटी-रोल बार (वळणात गाडीचा कल रोखणारी दांडी) ज्या टोकाला जाड, त्या टोकाची पकड कमी. धुळीत म्हणून पातळ बार लावतात, चिखलात काही जण ते काढूनच टाकतात.

शॉर्ट कोर्सच्या रुंद बॉडीखाली उडीत हवा भरते व नाक वर जाते, त्यासाठी बॉडीला मागे खिडक्या कापतात. सपाट भूखंडावर ही कापाकापी केवळ दिखाऊ.

नोंदवही : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदल तारीख व जमिनीसह लिहून ठेवावा. तेल, टो आणि बार एकदम बदलून गाडी सुधारली तर कशाने सुधारली हे कधीच कळत नाही.

पावसाळ्यातील निगा : वॉटरप्रूफ असतो तो इलेक्ट्रॉनिक भाग, बेअरिंगला ते संरक्षण नसते. खाडीच्या दमट हवेत ओले बेअरिंग चटकन गंजते, चाक जड फिरते आणि चालक डिफला दोष देत बसतो. गाडी घरी आणल्यावर चाके काढून टायरमधले पाणी झटकावे, बेअरिंगना तेलाचा एकेक थेंब द्यावा आणि गाडी रात्रभर पंख्याखाली ठेवावी.