मिरजेचा तंबोरा, दरबारी भाव

जुन्या जालन्यात एका घरात तंबोरा विकायला काढलाय, असं गेल्या हिवाळ्यात कळलं आणि मी कुंडलिका ओलांडून तिकडे गेलो. घरमालक म्हणाले, "चाचा, निजामाच्या दरबारातला आहे. दोनशे वर्षं जुना. एकदम ओरिजिनल." पाच मिनिटांनी तेच म्हणाले, "आजोबांनी खास मिरजेहून आणवला होता."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं.

माझा भाचा जुना बास गिटार शोधत होता, तेव्हा त्याने मला 'ओरिजिनल' या शब्दाची किंमत समजावली होती. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास 1951 मध्ये आला. त्या काळातली वाद्यं आज प्रचंड भावाने विकली जातात. म्हणून गिऱ्हाईक दांडी सोडवून तिच्या बुडाशी पेन्सिलीने टाकलेली तारीख बघतं, आतल्या भागांवरचे आकडे वाचतं, तारांचे डाग कुणी नंतर उकरलेत का ते तपासतं. रंग दुसऱ्यांदा दिलेला निघाला तरी भाव उतरतो. तंबोऱ्यात अशी तारीख सहसा सापडत नाही. तिथे डोळे, बोटं आणि थोडा इतिहास लागतो.

इतिहासावरच दोनशे वर्षांचा दावा पडला. मिरजेचे शिकलगार मुळात तलवारी-भाले घडवणारे, धार लावणारे. 1818 मध्ये पेशवाई गेली आणि हत्यारांची मागणी आटत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि त्यातून सतारी-तंबोऱ्यांचा धंदा उभा राहिला. संस्थान पटवर्धनांचं, कारागीर मुसलमान, भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. 1937 मध्ये ते वारले, त्यांची कबर ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. मिरजेत हा हुन्नरच जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा, मग तिथला तंबोरा दोनशे वर्षांचा कुठून असणार? हां, जालना 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं, तेवढ्यापुरता तो 'निजामकाळातला' असू शकतो. पण तसा तर आमच्या घरातला पितळी लोटाही आहे.

मग तंबोरा मांडीवर घेतला. एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली. दांडी सरळ होती. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात त्या गळ्यावर बोटाने टिचकी मारली. सांधा घट्ट होता, खुळखुळ नाही. भोपळ्याला कीड नव्हती. पाठीला वीतभर तडा होता, भुसा आणि सरस भरून कुणी जाणत्या हाताने बुजवलेला. घोडी नवी, प्लास्टिकसारख्या पांढऱ्या मालाची. तबलीवर नव्या पॉलिशचा चकचकाट. आणि चारपैकी दोन खुंट्यांच्या जागी गिटारच्या लोखंडी किल्ल्या!

यातलं काय खटकावं? घोडी बदललेली मला चालते. जवारी काढायची म्हणजे घोडी घासायचीच, आणि घासत घासत ती संपणारच. तार तर तुटण्यासाठीच असते. बुजवलेल्या तड्यालाही मी दोष म्हणत नाही. तो तंबोरा टाकून न देता कुणीतरी वाजवत राहिलं, याची ती खूण आहे. गिटारच्या किल्ल्या मात्र खटकल्या. त्या बसवायला दांडीतली लाकडी खुंट्यांची भोकं कापून रुंद केली होती, आणि कापलेलं लाकूड परत येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट शेवटी दिसली. दांडीच्या एका जागी बोटभर लांबीचा फिकट चौकोन होता आणि दोन टोकांना खिळ्यांची बारीक भोकं. तिथे बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी असणार.

"ही पट्टी कुठंय?"

"काढली, चाचा. दलाल म्हणाला, मिरजेच्या दुकानाचं नाव दिसलं तर दरबारी कोण म्हणेल?"

"ठेवलीय का?"

"गेली असेल कचऱ्यात."

तडा, घोडी, खुंट्या, सगळं मी माफ केलं असतं. हे नाही करता आलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि इथे ज्या घराला आपल्या आजोबांचं नाव तोंडपाठ होतं, त्याच घरात ज्याने तो घडवला त्याचं नाव पान्ह्याने उचकटलं गेलं. तेही, त्याशिवाय वाद्य खानदानी वाटणार नाही म्हणून. माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की निजाम हे नाव शिकलगारापेक्षा जास्त दाम देतं. बाजारात देतही असेल.

दरबारी भावावरून मिरजेच्या भावावर यायला दोन चहा लागले. निघताना त्यांना म्हटलं, पट्टी सापडली तर फोन करा, वेगळे पैसे देईन.

भाचा आला तेव्हा त्याने पहिल्यांदा त्या दोन किल्ल्याच पाहिल्या. "मामू, हे तर माझ्या लाइनीतलं," म्हणून पक्कड घेऊन बसला. भोकं आता लाकडाने भरून पुन्हा घ्यावी लागतील, खुंट्या नव्या घडवाव्या लागतील. जवारीही बसलीय. त्यासाठी मिरजेला जायचंय. चौकोन फिकटच राहू द्या, असं तिथल्या कारागिराला सांगणार आहे.