कर्त्याची मुद्रा आणि गाणारीचा पाठ : पठ्ठे बापूरावांच्या लावणीच्या संहितेचा प्रश्न

विखुरलेल्या अवशेषांवरून हरवलेल्या कृतीची पुनर्रचना करणे हे काम मराठी संशोधनाला अपरिचित नाही. मात्र ज्या कृतीचा आधार कागद नसून आवाज आहे, तिच्या संदर्भात 'मूळ' या शब्दाचा अर्थ कोणता घ्यावा, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावा लागतो. प्रस्तुत निबंधात तो पठ्ठे बापूराव यांच्या लावणीपुरता मांडावयाचा आहे.

पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५). जन्म वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली असे झाले. कुलकर्णीपणाची चौकट मोडून बापूराव तमाशात आले, फडासाठी रचना करीत राहिले. त्यांनी दोन लाख लावण्या रचल्या असे परंपरा सांगते. हा आकडा अक्षरशः घेण्याचे कारण नाही. पण मुद्रित संग्रहांतून जे हाती येते ते रचलेल्याच्या मानाने फारच थोडे आहे, एवढे त्यावरून निश्चित समजावे.

उरलेल्याचा शोध घेताना तीन प्रकारची साधने समोर येतात. पहिले फडकऱ्यांच्या वह्या आणि बाडे, दुसरे छापील पुस्तके, तिसरे तबकड्या व ध्वनिफिती. तिन्ही साधने उपयुक्त आहेत आणि तिन्ही आपापल्या परीने पाठ बदलतात. वहीत पुष्कळदा चालीचा निर्देश आणि कडव्यांचे आरंभ एवढेच असते, कारण ती वाचकासाठी नसून गाणाऱ्याच्या स्मरणासाठी असते. छापील पुस्तक शब्द स्थिर करते, पण आलाप, पुनरावृत्ती आणि झीलकऱ्यांची साथ गाळते. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झाले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. फडावर दौलतजाद्याच्या ओघात एकेक ओळ दहा वेळा घोळवली जाई. ती लावणी तबकडीवर आली तर कडवी कमी होणे अपरिहार्यच होते. म्हणून तबकडीवरील पाठ वहीतील पाठाहून आखूड असल्यास तो 'अपूर्ण' ठरवण्यापूर्वी माध्यमाची मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

येथे पाश्चात्त्य रॉक संगीतातील एक प्रकरण तुलनेसाठी घेता येईल. अमेरिकेतील 'बीच बॉइज' या वाद्यवृंदाचे गीतरचनाकार ब्रायन विल्सन (१९४२–२०२५) यांनी १९६६-६७ मध्ये 'स्माइल' या संग्रहासाठी सुटे सुटे तुकडे ध्वनिमुद्रित केले. शब्द व्हॅन डाइक पार्क्स यांचे होते. संग्रहाची वेष्टने छापली गेली, पण संग्रह निघाला नाही. पुढे कित्येक वर्षे रसिकांनी चोरवाटांनी फिरणाऱ्या फितींवरून आपापले क्रम लावून पाहिले. २००४ साली विल्सन यांनी स्वतः तो नव्याने गाऊन पूर्ण केला आणि २०११ साली मूळ ध्वनिमुद्रणांचा संच प्रसिद्ध झाला. या सर्व खटाटोपामागे एक गृहीतक दिसते : कर्त्याच्या मनात एक निश्चित क्रम होता, तो हरवला, आणि तो शोधणे म्हणजेच कृती शोधणे. २००४चा क्रम स्वतः कर्त्यानेच लावला. तरीही तो सदतीस वर्षांनंतरचा होता, हे या गृहीतकाला अडचणीचे ठरते.

लावणीला हे गृहीतक लावले की ते मोडते. तमाशाचा क्रम कोणा एका कवीचा नाही. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग हा क्रम प्रकारानेच दिलेला असतो. त्यात कोणती लावणी कोठे यावी हे त्या रात्रीची फर्माईश ठरवते. म्हणून बापूरावांच्या 'समग्र लावणी'ची कल्पना करताना आपण नकळत ग्रंथाची चौकट फडावर लादत असतो. आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० साली मौखिक महाकाव्याविषयी दाखवून दिले की प्रत्येक प्रयोग हाच एक मूळ पाठ असतो. लावणी रचलेली असते, केवळ तत्क्षणी स्फुरलेली नसते. त्यामुळे लॉर्ड यांचे सूत्र येथे जसेच्या तसे लागू होत नाही. पण शब्द कर्त्याचे आणि पाठ गाणाऱ्याचा, हा भेद ते स्पष्ट करते.

कर्तृत्वाचा पुरावा म्हणून अखेरच्या कडव्यातील नाममुद्रेकडे बोट दाखवले जाते. पण मुद्रा जशी ओळख देते तशीच ती उसनीही घेता येते. नामवंताची मुद्रा जोडली की नवख्याची लावणी फडावर चालते. म्हणून मुद्रेला वृत्त, यमकाची सवय आणि चाल यांची साक्ष जोडल्याशिवाय निर्णय करू नये. मुद्रेचा दुसराही धडा आहे. 'होनाजी बाळा' या जोडनावात होनाजी कवी आणि बाळा गायक, असे दोघे एकत्र नोंदलेले आहेत. परंपरेला गाणाऱ्याचा वाटा ठाऊक होता. तो विसरली ती मुद्रणसंस्कृती.

या विस्मरणाची किंमत सारख्या प्रमाणात वाटली गेलेली नाही. बापूरावांच्या लावणीला लौकिक मिळवून देणारी पवळा हिवरगावकरीण महार समाजातली होती. तमाशाचा फड मुख्यतः महार, मांग आणि कोल्हाटी कलावंतांवर उभा होता. ब्राह्मण कवीचे नाव वाङ्मयेतिहासात स्थिरावले आणि ज्या कंठांतून त्याचे शब्द टिकले ते 'परंपरा' या सामूहिक नामात विरघळले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली. ती उठल्यावर संहिता आधी तपासून घेण्याची अट आली, आणि लेखी, सोज्वळ पाठालाच प्रमाणत्व मिळाले. लावणीतील स्त्रीकलावंतांच्या श्रमाकडे शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लक्ष वेधले. कायद्यातही गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क १९९४च्या दुरुस्तीनेच प्रथम मान्य झाला.

तेव्हा पुनर्रचनेचे काम सोडून द्यावे काय? मुळीच नाही. फक्त तिचे ध्येय बदलावे लागेल. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आवृत्तीने पाठभेद तळटीपेत उतरवून एक पाठ वर ठेवला. लावणीच्या आवृत्तीत ही उतरंड नको. प्रत्येक पाठ त्याच्या गाणाऱ्याच्या नावासह, गाव, फड, साल आणि माध्यम यांच्या नोंदीसह शेजारी शेजारी छापावा. जेथे नाव उरलेले नाही तेथे ती जागा रिकामीच दाखवावी. अनेक हस्ते जपलेला शब्द एकाच्याच नावे लावणे ही संपादनाची काटकसर नव्हे, ती इतिहासाची चूक आहे. बापूरावांचा मोठेपणा त्यामुळे उणा होत नाही. इतक्या कंठांना आपापला पाठ सापडावा अशी रचना करणे, हाच त्या मोठेपणाचा पुरावा होय.