इंडियन फ्रिटिलरी

इंडियन फ्रिटिलरी (शास्त्रीय नाव: आर्गिनिस हायपरबियस) ही कुंचलपाद (निम्फॅलिडी) कुळातील फुलपाखराची एक जाती आहे. लिनियसने १७६३ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. 'फ्रिटिलरी' हे नाव पंखांवरील ठिपक्यांच्या नक्षीवरून पडले असून ते फाशांची डबी या अर्थाच्या 'फ्रिटिलस' या लॅटिन शब्दाशी जोडले जाते.

वर्णन

नराचे पंख वरून नारिंगी असून त्यांवर काळे ठिपके असतात. मागील पंखांची कड काळी असते. मादीच्या पुढील पंखांचा टोकाकडील भाग निळसर काळा असतो व त्यावर पांढरा तिरपा पट्टा असतो. त्यामुळे ती प्लेन टायगर या फुलपाखरासारखी दिसते. प्लेन टायगरच्या अळ्या रुईवर्गीय विषारी वनस्पतींवर वाढत असल्याने पक्षी त्यांची फुलपाखरे टाळतात. या साधर्म्याचा लाभ फ्रिटिलरीच्या मादीला मिळतो.

आढळ

हिमालय, निलगिरी व पळणी पर्वतरांगा, श्रीलंका, चीन, जपान, आग्नेय आशिया, न्यू गिनी आणि इथिओपिया येथे ही जाती आढळते. डोंगराळ गवताळ माळ व मोकळ्या जागा तिला मानवतात.

जीवनचक्र

मादी व्हायोला प्रजातीच्या वनस्पतींवर किंवा त्यांच्या आसपास एकेक अंडे घालते. अळी काळी असून तिच्या पाठीवर नारिंगी पट्टा व अंगावर शाखायुक्त काटे असतात. हे काटे दिसायला भीतिदायक असले तरी विषारी नसतात. कोष उलटा लोंबतो व त्यावर धातूसारखे चमकणारे ठिपके असतात. प्रौढ फुलपाखरू फुलांतील मधुरसावर जगते.

सद्यस्थिती

अळीचे अन्न व्हायोलापुरते मर्यादित असल्याने या जातीचे भवितव्य त्या वनस्पतीवर अवलंबून असते. जपानमध्ये अळ्या बागांतील पॅन्सीवरही वाढतात. पॅन्सीची लागवड व वाढते तापमान यांमुळे तेथे गेल्या काही दशकांत या फुलपाखराचा उत्तरेकडे प्रसार झाला आहे. याउलट ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील 'इनकॉन्स्टन्स' ही उपजाती किनारी पाणथळ भागांतील रानटी व्हायोलावर अवलंबून होती. शेती, गुरचराई व नागरी वस्ती यांमुळे त्या जागा घटल्या. २००१ नंतर या उपजातीची खात्रीशीर नोंद झालेली नाही.